रानातला गुरू, शहरातला शिष्य

धनुर्विद्या शिकवण्याची गोष्ट निघाली की आपल्याला पहिल्याने आठवतात ते द्रोणाचार्य आणि एकलव्य. रानातला मुलगा विद्या मागायला आला, गुरूने त्याला परत लावले, आणि पुढे दक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठाच मागून घेतला. ही कथा वर्गात सांगताना कित्येक गुरुजींचा आवाज आजही जड होतो. मी आज जी हकीकत सांगणार आहे तिच्यात सगळे उलटे आहे. इथे रानातला माणूस गुरू आहे, आणि मोठ्या शहरातला, नावाजलेला, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्याच्यापाशी नवशिक्या म्हणून बसला आहे. ही पुराणातली कथा नव्हे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९१२ ते १९१६ या चार वर्षांत हे घडले. अंगठ्याचा संबंध याही गोष्टीत येतो. तो पुढे सांगेन.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात लासेन नावाचा ज्वालामुखी डोंगर आहे. त्याच्या पायथ्याकडून मिल क्रीक आणि डिअर क्रीक हे दोन ओढे खोल दऱ्या कापीत सॅक्रामेंटो नदीला जाऊन मिळतात. या दऱ्यांत याही नावाचे लोक राहत. याना नावाच्या मोठ्या समाजाची ही दक्षिणेकडची शाखा. माणसे थोडी, काही शेच असतील. ओकच्या झाडाची फळे कुटून त्याचे पीठ करायचे, ओढ्यात चढणारे सामन मासे धरायचे आणि धनुष्यबाणाने हरीण मारायचे, असे त्यांचे जीवन होते. शेती नाही, गुरे नाहीत, पण उपासमारही नाही.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि दुसऱ्याच वर्षापासून माणसांचा लोंढा सुरू झाला. खाणींच्या गाळाने नद्या गढूळ झाल्या, मासे कमी झाले. नव्या वसाहतवाल्यांच्या गुरांनी आणि डुकरांनी रानातले दाणे-फळे फस्त केली. हरणे वर डोंगरात पळाली. भुकेली माणसे मग काय करणार? त्यांनी गोऱ्यांची गुरे मारून खाल्ली, घरे लुटली, कधी कधी माणसेही मारली. त्याला उत्तर म्हणून बंदुका घेतलेल्या टोळ्या दऱ्यांत शिरल्या आणि त्यांनी बायकापोरांसकट वस्त्याच्या वस्त्या कापून काढल्या. १८६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत याही लोक जवळजवळ संपले. उरले ते मूठभर.

या मूठभर माणसांनी पुढची चाळीसेक वर्षे लपून काढली. दगडावरून दगडावर पाय टाकायचा, म्हणजे माग उरत नाही. चूल लहान पेटवायची, म्हणजे धूर दिसत नाही. बंदूक मिळाली तरी उपयोग काय? एक बार झाला की सगळ्या दरीला कळणार. धनुष्याला तसा आवाज नसतो. म्हणून ज्या काळात जगात पुष्कळ ठिकाणी धनुष्य अडगळीत पडले होते, त्याच काळात या दरीत ते रोजच्या अन्नाचे आणि जिवाच्या रक्षणाचे साधन होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या गोष्टीतल्या गुरूने ही विद्या हौसेने राखली नव्हती. तिच्यावाचून तो जगलाच नसता.

१९०८ साली पाण्याची योजना आखण्यासाठी मोजणीदारांची एक तुकडी डिअर क्रीकच्या दरीत आली. दाट झाडीत दडवलेली एक झोपडीवजा वस्ती त्यांना सापडली. तिथे चौघे राहत होती. दोघे पळाली, एक आजारी म्हातारी घोंगड्याखाली पडलेली होती. मोजणीदारांनी म्हातारीला हात लावला नाही, पण वस्तीतली कातडी, टोपल्या, हत्यारे अशा चीजवस्तू आठवण म्हणून उचलून नेल्या. हिवाळ्याच्या तोंडावर कुणाच्या घरातले सारे उचलून न्यावे तशातला तो प्रकार. त्यानंतर ती चौघे एकत्र कुणाला दिसली नाहीत.

तीन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९११ रोजी, ओरोव्हिल गावाबाहेरच्या एका खाटीकखान्याच्या आवारात एक माणूस सापडला. वय पन्नासच्या आसपास, अंगावर फाटके वस्त्र, केस जाळून आखूड केलेले. आपल्याकडे सुतकात केस काढतात ना, तशी त्यांच्याकडे केस जाळण्याची रीत होती. त्याची सगळी माणसे गेली होती. त्याची भाषा कुणालाच समजेना. फौजदाराने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवले. शिक्षा म्हणून नव्हे, तर दुसरे करावे काय हे सुचेना म्हणून.

बातमी वर्तमानपत्रात आली. कॅलिफोर्निया विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवणारा वॉटरमन नावाचा अध्यापक याना भाषेच्या शब्दांची एक यादी घेऊन धावत आला. कोठडीत त्याच्या शेजारी बसून तो एकेक शब्द वाचू लागला. कशालाच उत्तर नाही. शेवटी पिवळ्या पाइन झाडाचा शब्द आला, 'सिविनी'. तो उच्चारताना वॉटरमनने खाटेच्या लाकडावर टिचकी मारली, कारण ती खाट पाइनचीच होती. त्या माणसाचा चेहरा उजळला. मग दोघेही त्या खाटेवर हात आपटून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागले. तीन वर्षांत त्याला ओळखीचा असा तो पहिला शब्द ऐकायला मिळाला असेल.

४ सप्टेंबर १९११ रोजी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला, विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. स्वतःचे नाव त्याने कधीच सांगितले नाही. आपले नाव आपल्या तोंडाने सांगणे याही रीतीला धरून नव्हते, आणि ते सांगणारे दुसरे कोणी उरले नव्हते. तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख प्राध्यापक क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हणायला सुरुवात केली. याना भाषेत इशी म्हणजे माणूस. संग्रहालयातच त्याला खोली मिळाली. झाडलोट आणि देखभालीचे काम मिळाले, महिना पंचवीस डॉलर पगारावर. रविवारी लोक येत, आणि इशी त्यांच्यापुढे बसून बाणाची टोके घडवून दाखवी.

संग्रहालयाच्या शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय होते. तिथे १९१२ साली सॅक्स्टन पोप हा शल्यचिकित्सक शिकवायला आला. वय सदतीस. संग्रहालय आणि रुग्णालय यांच्यात अंतर चार पावलांचे. पोप इशीची प्रकृती तपासायला जाई, आणि इशी रुग्णालयात येऊन आजाऱ्यांच्या खाटांपाशी शांत उभा राही. त्याच्या भाषेत वैद्याला 'कुवी' म्हणत. पोप त्याचा कुवी झाला. एक गंमत अशी की पोपची शस्त्रक्रिया पाहून इशीला जेवढे नवल वाटले, त्याहून अधिक त्याच्या हातचलाखीचे वाटले. पोपला नाणे गायब करण्याचे खेळ येत होते. वैद्य म्हणजे मंत्रतंत्र जाणणारा, हे इशीच्या मनातले गणित त्या नाण्याने जुळले!

पोपने इशीला धनुष्य हाताळताना पाहिले आणि त्याला या विद्येची ओढ लागली. मला शिकव, असे त्याने म्हटले. दोघांमध्ये भाषा अशी पुरती नव्हती. थोडे मोडके इंग्रजी, थोडे याही शब्द, बाकी हातवारे. पण गुरुजी मंडळींना माझे सांगणे आहे, हे शिकवणे कसे चालले ते नीट पाहा. कारण इशीने शिष्याच्या हाती तयार धनुष्य देऊन नेम धरायला लावले नाही. त्याने सुरुवात केली लाकडापासून.

ज्युनिपर नावाच्या डोंगरी झाडाची चांगली फांदी निवडायची. धारदार दगडाने ती तासायची, वाळूच्या दगडावर घासून गुळगुळीत करायची. टोके तापवून मागे वाकवायची. मग हरणाच्या पायातल्या कंडरा, म्हणजे चिवट शिरा, चावून चावून मऊ करायच्या, त्यांचे धागे सोडवायचे आणि माशाच्या कातडीपासून केलेल्या सरसाने ते धनुष्याच्या पाठीवर चिकटवायचे. ओले असताना सालीच्या पट्ट्यांनी गुंडाळायचे आणि कित्येक दिवस उन्हात वाळू द्यायचे. वाळताना शिरा आवळतात आणि लाकडाला जोर देतात. लाकूड दाब सोसते, शिरा ताण सोसतात. आखूड धनुष्य न मोडता खूप वाकते ते या जोडीमुळे. इशीचे धनुष्य साधारण बेचाळीस इंच, म्हणजे साडेतीन फुटांचे होते आणि ते पुरे ओढायला चाळीस-पंचेचाळीस पौंडांचा जोर लागे. दोरीसुद्धा शिरांचीच, बोटांवर पीळ देऊन वळलेली.

बाणासाठी हेझल झुडपाच्या सरळ फोका कापायच्या. पाच-पाचांची जुडी बांधून सावलीत वाळत ठेवायची. मग एकेक फोक निखाऱ्यावर शेकायची आणि जिथे वाक असेल तिथे हाताने दाबून सरळ करायची. पुढे टोकाला कठीण लाकडाचा तुकडा जोडायचा, मागे पिसे बांधायची. बाणाचे टोक ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेसारख्या दगडाचे. तळहातावर कातडे घेऊन त्यावर दगडाचा तुकडा धरायचा आणि हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाबून दाबून त्याचे कपचे उडवायचे. कपचा डोळ्यात गेला तर? इशी डोळ्याची खालची पापणी ओढून खाली वाकायचा आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या डोक्यावर थाप मारायचा, की कपचा बाहेर! डॉक्टर शिष्याने हा उपायही इमानाने टिपून ठेवला आहे. पुढे पोपने पोलादी टोकाचा आणि ऑब्सिडियनच्या टोकाचा बाण एकाच धनुष्यातून मारून पाहिला. मांस आणि कातडे यांत काचदगडाचे टोक जास्त खोल गेले. ज्या हत्याराला लोक रानटी म्हणत, ते आपल्या कामात पोलादापुढे होते.

धनुष्य कसे वागवायचे याचेही धडे होते. काम झाले की दोरी उतरवायची. धनुष्य उभे ठेवायचे नाही, आडवे ठेवायचे. पोरांनी ते खेळायला घ्यायचे नाही. फुरसत असली तर इशी धनुष्याचे एक टोक ओठांच्या कोपऱ्याशी धरून बाणाने दोरीवर हलकेच ठोके देई. त्यातून गोड नाद निघे. शिकारीचे हत्यार घटकाभर वाद्य होई.

आता अंगठ्याची गोष्ट. इशी धनुष्य उभे धरत नसे, पोटासमोर तिरपे-आडवे धरी. दोरी उजव्या हाताच्या अंगठ्यात अडकवी आणि त्या अंगठ्याच्या नखावर मधल्या बोटाचा दाब देऊन ओढी. अंगठ्याने दोरी ओढण्याची ही पद्धत मंगोल आणि तुर्क धनुर्धरांमध्येही होती, आणि द्रोणाचार्यांनी एकलव्याचा नेमका अंगठाच का मागितला हे त्यावरून उमगते. आपल्याकडे भिल्ल तिरंदाज तिरकमठा ओढताना अंगठा लावत नाहीत आणि त्याचे कारण एकलव्याची आठवण आहे, असे सांगतात. डाव्या हाताची मूठ इशी सैल ठेवी. आवळून धरलेली मूठ बाणाला धक्का देते. सैल मुठीत धनुष्य सुटते वेळी आपोआप फिरते आणि बाण मोकळा जातो. नवशिक्याला हे शिकायला सर्वांत अवघड जाते, कारण घाबरलेला हात आवळतोच.

संग्रहालयामागे दाट झाडी होती, तिथे सराव चाले. निशाण कशाचे? रंगवलेल्या वर्तुळाचे नव्हे. लावा पक्ष्याएवढी गवताची लहानशी पेंडी जमिनीवर ठेवायची आणि सात वारांपासून वीस वारांपर्यंत, म्हणजे एकवीस ते साठ फुटांवरून, तिला बाण मारायचा. इशीला शंभर वारांवरच्या निशाणाचे काहीच अप्रूप नव्हते आणि त्यात तो तसा हुशारही नव्हता. पण जवळचे, लहान, रानात दिसावे तसे निशाण असले की त्याचा बाण चुकत नसे. त्याचे म्हणणे सरळ होते: शिकाऱ्याने लांबून मारण्यात बढाई कसली? जवळ जाता येत नाही म्हणून लांबून मारावे लागते.

इथे, मंडळी, या शिकवणीचा गाभा आहे. बाण सोडणे हा शिकारीचा शेवटचा, सर्वांत लहान भाग. त्याआधीचे सगळे जवळ जाण्याचे शास्त्र. हरणाच्या शिकारीला जायचे असेल तर इशी आदल्या दिवशी मासे खात नसे आणि तंबाखू ओढत नसे. सकाळी ओढ्यात अंघोळ करी, तोंड धुई, वासाच्या पाल्याने अंग चोळी आणि उपाशीपोटी निघे. यात श्रद्धाही होती आणि शहाणपणही, कारण हरणाचे नाक माणसाला त्याच्या जेवणावरून ओळखते. चालायचे ते वारा तोंडावर घेऊन. काटकी मोडता कामा नये. रानातली पाखरे काय बोलतात त्याकडे कान हवा. जे नावाचा पक्षी अमुक तऱ्हेने ओरडला की इशी म्हणे, तो सांगतोय, माणूस आला. मग पुढे जाण्यात अर्थ नाही, हरीण केव्हाच निघून गेलेले असते. आपल्या शिवारात टिटवी हेच काम करते, हे तुम्हाला सांगायला नको.

सशाला बोलावण्याची त्याची युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. झुडपाआड बसून बोटे ओठांना लावून तो चुंबनासारखा चुर्रचुर्र आवाज काढी. संकटात सापडलेल्या सशाची ती हाक. ती ऐकून दुसरे ससे धावत येत, आणि सशाच्या आशेने रानमांजर, कोल्हा असलेही येत. पोपला हे खरे वाटेना, म्हणून दोघांनी परीक्षाच घेतली. बारा ठिकाणी बसून इशीने हाक दिली. पाच ससे आणि एक रानमांजर पुढे आले. डॉक्टरची शंका मिटली.

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा अकरा वर्षांचा मुलगा इशीला घेऊन डिअर क्रीकच्या दरीत गेले. परत त्या जागी जायला इशी प्रथम तयार नव्हता. ती त्याच्या मेलेल्या माणसांची भूमी. पण गेल्यावर त्याने सगळे दाखवले. कुठे राहत होतो, कुठे लपत होतो, कोणत्या झाडाचे काय करतात, कोणत्या ओढ्याचे नाव काय. त्या सगळ्याचा नकाशा झाला. पोहणे झाले, मासे धरणे झाले, शिकारही झाली.

तुम्हाला वाटेल, अशा गुरूच्या पाठीशी राहून शिष्याने बाणाने हरीण पाडलेच असेल. नाही. इशीबरोबर पोप कित्येकदा हरणाच्या मागावर गेला, बाणही सोडले गेले, पण प्रत्येक वेळी काही ना काही आड आले. कधी अंतर जास्त, कधी उतार, कधी मध्ये झाड. लहानसहान शिकार मिळाली. हरीण एकदाही मिळाले नाही. पोपने पुढे याचे कारण स्वतःच लिहून ठेवले. गुरूच्या पायात नवशिक्याचे लोढणे होते, आणि गोऱ्या माणसाला वेळ नसल्यामुळे गुरूला घाई करावी लागली. कुशल डॉक्टर, हुशार माणूस, मनापासून शिकणारा. पण रुग्णालयाची वेळ गाठायची होती! लाकूड वाळायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतात. हरीण वळायला जेवढा वेळ घेते तेवढा घेते. ही विद्या शिकायला जी गोष्ट सर्वांत आधी हवी, ती पोपजवळ सर्वांत थोडी होती.

पुढे पोपने स्वतःची वाट धरली. जुन्या इंग्रजी पद्धतीचे, पुरुषभर उंचीचे लांब धनुष्य त्याने बनवले, तीन बोटांनी दोरी ओढू लागला, आणि लांबच्या निशाणावर गुरूच्या पुढे गेला. इशीने ते लांब धनुष्य हाताळून पाहिले. त्याच्या भाषेत धनुष्याला 'मानी' म्हणत. हे मानी फारच झाले, असा त्याचा अभिप्राय पडला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मोकळ्या मैदानात, उभे राहून मारायला लांब धनुष्य चांगले. पण काटेरी झुडपातून सरपटत जाणाऱ्या, गुडघे टेकून बाण सोडणाऱ्या माणसाला साडेतीन फुटांचेच धनुष्य हवे. धनुष्याची लांबी जमीन ठरवते.

या मैत्रीला दिवस थोडे होते. १९१४ च्या अखेरीपासून इशीला खोकला लागला. शहरातल्या रोगांची त्याच्या शरीराला सवय नव्हती. १९१५ साली क्षयाचे निदान पक्के झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. ते पुढे तीस वर्षांनी निघाले. पोपने जे करता येईल ते केले. शेवटी इशीला संग्रहालयातल्या, ऊन येणाऱ्या खोलीत हलवले. २५ मार्च १९१६ रोजी तो गेला. पोप जवळ होता. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. याही लोकांची निरोपाची रीत निराळी होती. निघणारा म्हणे, तुम्ही राहा, मी जातो.

इथे एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय हकीकत पुरी होत नाही. क्रोबर त्या वेळी न्यूयॉर्कला होते. इशीच्या लोकांच्या रीतीप्रमाणे देह अखंड जाळावा, चिरफाड करू नये, शास्त्राच्या नावाखाली तर मुळीच नको, असे त्यांनी पत्राने कळवले. पत्र पोचेपर्यंत शवविच्छेदन होऊन गेले होते. देह जाळताना त्याच्यासोबत एक धनुष्य, पाच बाण, ओकफळांच्या पिठाची टोपली आणि तंबाखू ठेवली, पण मेंदू काढून ठेवला गेला, आणि १९१७ साली तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. माणूस हयात असताना त्याच्यावर मित्रासारखे प्रेम करणाऱ्या लोकांच्या हातून हे झाले. एकलव्याकडून गुरूने अंगठा घेतला होता. इथे गुरू गेल्यावर शिष्याच्या जगाने त्याचा मेंदू ठेवून घेतला. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे गेली. १९९९ साली तो कुठे आहे याचा शोध लागला, आणि २००० साली याना लोकांच्या नात्यातल्या आदिवासी समाजांच्या हाती तो सोपवण्यात आला. त्यांनी अस्थी आणि मेंदू एकत्र करून त्याच्या मूळ भूमीत, जागा जाहीर न करता, पुरले.

शिष्याचे पुढे काय झाले? पोपने १९१८ साली याही धनुर्विद्येवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. लाकूड, शिरा, सरस, फोक, पिसे, अंगठा, सगळे माप घेऊन त्यात मांडले आहे. १९२३ साली धनुष्यबाणाने शिकार करण्यावर त्याचे पुस्तक निघाले, आणि त्याची सुरुवात इशीच्या हकीकतीने होते. हे पुस्तक वाचून अमेरिकेत हजारो लोकांनी पुन्हा धनुष्य हाती घेतले. सॅन फ्रान्सिस्कोच्या दुसऱ्या एका संग्रहालयासाठी त्याने आर्थर यंग या मित्राबरोबर १९२० साली अस्वलांची शिकार केली, १९२५ साली तो आफ्रिकेत सिंहाच्या मागावर गेला. १९२६ साली तो वारला. १९६१ साली अमेरिकेत धनुर्धर शिकाऱ्यांची एक मोठी संघटना निघाली, तिला नाव मिळाले पोप आणि यंग यांचे. इशीचे नाव त्यात नाही. त्याच वर्षी, १९६१ मध्ये, क्रोबर यांच्या पत्नी थिओडोरा क्रोबर यांनी इशीचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि त्याचे नाव घरोघर पोचले ते त्या पुस्तकाने.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना सांगावी अशी आणखी एक बाब आहे. क्रोबर आणि वॉटरमन यांनी इशीचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित करून ठेवला होता. अशी १४८ नळकांडी आहेत. त्यात गाणी आहेत, लांबलचक कथा आहेत. आवाज राहिला, पण ती भाषा घरात बोलणारे कोणी उरले नाही, त्यामुळे कथांचा सगळा अर्थ आज उलगडत नाही. उलट बेचाळीस इंची धनुष्य आज कोणीही नव्याने करू शकतो, कारण एक माणूस त्याच्या शेजारी बसून चार वर्षे हाताने ते शिकला होता. तरीही पाखराचे बोलणे ऐकून वाट सोडणे, सकाळभर न हलता बसणे, हे त्या प्रबंधात मापाने सांगता आलेले नाही. तेवढे इशीबरोबर गेले.

शिकारीचा मोह कुणाला पडू नये म्हणून सांगतो, आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या जनावरांच्या शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. इशी जगण्यासाठी मारत होता. आपल्याला ते कारण नाही. पण शिकण्याची जी रीत त्याने दाखवली तिला कायद्याची आडकाठी नाही.

तुमच्या गावात बांबूची टोपली विणणारे कोणी म्हातारे बुरूड असतील, पाण्याचा झरा ओळखणारे कोणी आजोबा असतील, पन्नास रानभाज्यांची नावे सांगणारी एखादी ठाकर किंवा वारली आजी असेल. गुरुजी, मुलांना त्यांच्याकडे एकदा मौज बघायला नेऊ नका. पुन्हा पुन्हा न्या. त्यांना प्रश्न विचारण्याआधी मुलांना त्यांच्या शेजारी बसून बांबू फोडू द्या, पाला निवडू द्या. पहिल्या दिवशी टोपली होणार नाही, दहाव्या दिवशीही कदाचित होणार नाही. पण घंटा झाली म्हणून उठायची घाई करू नका. डॉक्टर पोपला हरीण मिळाले नाही ते तेवढ्याच एका कारणाने.